इक्वलायझर: वाढवण्याआधी कमी करा

इक्वलायझर म्हणजे आवाजातले जाड-बारीक भाग वेगवेगळे कमी-जास्त करणारं साधन. ते चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे अडतं आणि त्यात काय सुधारायला हवं, असं मागच्या अंकात वाचकांना विचारलं होतं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पत्रं आली. भजनी मंडळांची होती, साऊंडवाल्यांची होती, घरी लॅपटॉपवर गाणी ऐकणाऱ्यांचीही होती. एकाच अडचणीची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

भजनी मंडळ, कुडाळ: लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ हे विंडोजचं इक्वलायझर सॉफ्टवेअर टाकलं. डबलबारीची रेकॉर्डिंग लावताना पखवाजाला दम यावा म्हणून खालचे तीन स्लायडर पूर्ण वर नेले आणि गळा उठावा म्हणून वरचे दोन. आता जोरदार थाप पडली की आवाज फाटतो. अँप्लिफायर कमी पडतोय का?

अँप्लिफायर बदलायची घाई करू नका. आवाज बहुधा लॅपटॉपमध्येच फाटतोय. डिजिटल आवाजाला शून्य डेसिबल ही छताची उंची असते, त्याच्या वर जागाच नाही. आजकालची रेकॉर्डिंग त्या छताला टेकवूनच बनवलेली असतात. त्यात तुम्ही १२ डेसिबल वाढवले की लाटेचा माथा सपाट कापला जातो, आणि तोच फाटका आवाज पुढे अँप्लिफायरला मिळतो. खात्री करायची तर अँप्लिफायरचा व्हॉल्यूम अगदी कमी करून ऐका. हळू आवाजातही थाप फाटत असेल तर दोष आतला आहे.

उपाय प्रीअँपचा, म्हणजे एकूण आवाजाची पातळी वर-खाली करणाऱ्या सेटिंगचा. एकेका स्लायडरचा आकडा नाही, तर सगळे स्लायडर मिळून जो आलेख होतो त्याचा सर्वांत उंच बिंदू बघायचा, आणि प्रीअँप तितकाच खाली न्यायचा. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बऱ्याच इक्वलायझरमध्ये शेजारचे स्लायडर एकमेकांत मिसळतात. ६३, १२५ आणि २५० हर्ट्झ तिन्ही ६ डेसिबल वर नेलेत, तर मधल्या १२५ वर प्रत्यक्षात सहापेक्षा जास्त वाढ होऊ शकते. इक्वलायझर एपीओच्या कॉन्फिगरेशन एडिटरमध्ये आलेखाजवळ पीक गेनचा आकडा दिसतो. तो ९ दाखवत असेल तर प्रीअँप उणे ९ ठेवा.

आता दम. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट लागतात, १० डेसिबलला दहापट. म्हणजे ५० वॅटवर सुखाने चाललेला स्पीकरचा बॉक्स अचानक ५०० वॅट मागू लागतो. म्हणून आमचं ठाम मत आहे की पखवाज वाढवू नका, त्याला झाकणारं जे आहे ते कमी करा. पखवाजाच्या धुमेचं, म्हणजे डाव्या जाड बाजूचं, बळ साधारण ६० ते १२० हर्ट्झमध्ये असतं. त्याच्या वर २५० ते ४०० च्या भागात पेटीचे खालचे सूर, गळ्याचा छातीतला भाग आणि मांडवाची घुमघुम यांची गर्दी होते. ३०० हर्ट्झवर क्यू (फिल्टर किती अरुंद ते सांगणारा आकडा) १.४ ठेवून ३ ते ४ डेसिबल कमी करा. ४० हर्ट्झच्या खालचं सगळं हायपासने काढून टाका. तिथे भजनाचं काही नसतं, पण बॉक्सचा पडदा मात्र फुकट हलत राहतो. एवढं केलं की धूम मोकळी होते, आणि गळ्यासाठी वरचे स्लायडर उचलायची गरजही बरीच कमी होते.

सुधारणेबद्दल: प्रीअँप आपोआप खाली आणणारं बटण अशा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये हवं, आणि ते सुरुवातीलाच चालू असावं. नव्याने शिकणाऱ्या माणसाची सगळ्यात मोठी चूक त्याने तिथल्या तिथे टळेल.

दशावतारी मंडळाचं साऊंड बघणारे, सावंतवाडी: माइक वर टांगलेले असतात. पात्राचा आवाज उचलायला गेलं की बॉक्सचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी. सॉफ्टवेअरमधलं शिट्टी आपोआप पकडणारं बटण दाबलं की शिट्टी जाते, पण पेटी पोकळ वाटायला लागते. असं का?

दोन प्रश्न आहेत. आधी टांगलेल्या माइकचा. बोलणाऱ्यापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. तोंडापासून २० सेंटिमीटरवरचा माइक १६० सेंटिमीटर वर गेला म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झालं, १८ डेसिबल गेले. इक्वलायझरने शिट्टी कापून तुम्हाला जास्तीत जास्त ३ ते ६ डेसिबल परत मिळतात. म्हणून पहिलं काम सॉफ्टवेअरबाहेरचं आहे. बॉक्स माइकच्या रांगेच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला न्या. साध्या कार्डिऑइड माइकला मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकू येतं, तेव्हा त्याची पाठ बॉक्सकडे येईल असा टांगा. शक्य तिथे तो खाली घ्या. आणि चार माइक उघडे असतील तर दोनावर या. उघडे माइक निम्मे केले की ३ डेसिबल हातात येतात, फुकट.

मग शिट्ट्या काढा, पण खेळ सुरू होण्याआधी. माइक खेळात असतील त्याच जागी, बॉक्स त्याच जागी. मुख्य फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, हळूहळू वर न्या. पहिली किणकिण ऐकू आली की थांबा आणि स्पेक्ट्रमच्या पडद्यावर टोक कुठे उभं राहिलंय ते वाचा. समजा २००० हर्ट्झ. तिथे क्यू १० चा पॅरामेट्रिक (जागा आणि रुंदी स्वतः ठरवता येणारा) फिल्टर लावून ३ डेसिबल कापा. फिल्टरची रुंदी म्हणजे वारंवारिता भागिले क्यू, म्हणजे इथे २०० हर्ट्झ. पुन्हा फेडर वर, दुसरी शिट्टी, दुसरा फिल्टर. चार-पाच फिल्टरनंतर सगळीकडूनच शिट्ट्या यायला लागतात, तिथे थांबायचं. शेवटी फेडर त्या सीमेपासून ५ डेसिबल खाली आणून ठेवायचा.

क्यू ५०-६० इतका टोकदार करायचा मोह होतो, कारण बाकी आवाज अजिबात बिघडत नाही. पण दशावतार रात्रभर चालतो. हवा एक अंश गार झाली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने कमी होतो. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पाच अंशांचा उतार पडला तर २००० ची शिट्टी जवळजवळ १८ हर्ट्झ सरकते. क्यू ६० चा फिल्टर जेमतेम ३३ हर्ट्झ रुंद असतो, म्हणजे शिट्टी त्याच्या काठाबाहेर निघते. क्यू १० च्या फिल्टरला त्याने काही फरक पडत नाही.

आता आपोआप पकडणारं बटण. त्याला शिट्टी आणि लांब धरलेला सूर यातला फरक नीट कळत नाही. दोन्ही एकाच जागी स्थिर उभे राहतात. पेटीवाल्याने षड्ज धरून ठेवला की सॉफ्टवेअर त्याला शिट्टी समजून तिथे खाच पाडतं. रात्रभरात अशा बऱ्याच खाचा साठतात, आणि पेटी पोकळ होते ती यामुळे. ते बटण फक्त तयारीच्या वेळी वापरा, मिळालेले फिल्टर कायम करा, आणि खेळात बंद ठेवा. बनवणाऱ्यांना कळवायचं असेल तर तीन गोष्टी मागा: कापलेल्या प्रत्येक खाचेची यादी पडद्यावर दिसू दे, खेळ चालू असताना किती खाचा पाडायच्या त्याची मर्यादा आम्हाला ठरवू दे, आणि काही मिनिटं शिट्टी आली नाही तर खाच आपोआप भरून येऊ दे.

रत्नागिरी: विंडोज अपडेट झाल्यावर इक्वलायझर एपीओ चालेनासं झालं. स्लायडर हलतात, आवाज बदलत नाही. पुन्हा इन्स्टॉल केलं तर सेटिंग जाईल का?

पुन्हा इन्स्टॉल करायची गरज सहसा पडत नाही. अपडेटने साऊंडचा ड्रायव्हर बदलतो आणि त्याच्याशी असलेली एपीओची जोडणी सुटते. सोबत येणारं कॉन्फिगरेटर उघडा, नव्या आवृत्तीत त्याचंच नाव डिव्हाइस सिलेक्टर आहे. तुम्ही वापरता त्या स्पीकर किंवा हेडफोनसमोर खूण आहे का बघा, नसेल तर करा, आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. नुसतं बंद-चालू नको, रीस्टार्टच. तरीही बदल नसेल तर विंडोजच्या साऊंड सेटिंगमध्ये त्या डिव्हाइसचं ऑडिओ एन्हान्समेंट बंद झालंय का ते पाहा. ते बंद असेल तर एपीओही बंद पडतं. एएसआयओ किंवा वासापी एक्स्क्लुझिव्हने, म्हणजे विंडोजचा नेहमीचा मिक्सर टाळून थेट कार्डाकडे, वाजवणाऱ्या प्लेअरचा आवाज या वाटेने जातच नाही, तिथे स्लायडर कितीही हलवले तरी उपयोग नाही.

सेटिंग प्रोग्राम फाइल्समधल्या इक्वलायझर एपीओच्या फोल्डरात, कॉन्फिग नावाच्या फोल्डरात असतात. तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.

हॉल सांभाळणारे, चिपळूण: आम्ही वापरतो त्या इक्वलायझर ऍपबद्दल तक्रार कळवली होती. उत्तर आलं की आमच्याकडे असं होत नाही. मग तक्रार करून फायदा काय?

फायदा आहे, पण बनवणाऱ्याला ती चूक त्याच्या टेबलावर पुन्हा घडवता आली पाहिजे. “आवाज खराब येतो” यावरून त्याला काहीच करता येत नाही. “हेडफोन काढून स्पीकर लावला की आधीच्या हेडफोनचंच सेटिंग स्पीकरला लागतं, दर वेळी होतं, ऍप बंद करून उघडलं की नीट होतं” यावरून तो थेट त्या जागी पोचतो.

पत्रात ऍपची आवृत्ती, विंडोज किंवा अँड्रॉइडची आवृत्ती, साऊंड कार्डचं नाव आणि ड्रायव्हरची तारीख द्या. सॅम्पल रेट (आवाजाची सेकंदाला किती मोजमापं घेतात तो आकडा) आणि बफर (एका वेळी हाताळल्या जाणाऱ्या तुकड्याचा आकार) जरूर लिहा. यात फार वेळा गोम असते. फिल्टरचं गणित सॅम्पल रेटवर बेतलेलं असतं. ऍपने ते ४४,१०० साठी मांडलं आणि कार्ड ४८,००० वर चालत असेल, तर १००० हर्ट्झवर लावलेला फिल्टर प्रत्यक्षात १०८८ वर जाऊन बसतो. शिट्टी कापायला लावलेला बारीक फिल्टर अशाने नेम चुकतो, आणि बनवणाऱ्याकडे सगळं ४४,१०० वर चालत असेल तर त्याच्याकडे ते दिसतच नाही. चिपळूणच्या हॉलमध्ये होतं आणि त्याच्याकडे होत नाही, याचं कारण असं असू शकतं.

गाण्याऐवजी पिंक नॉइज (जाड-बारीक सगळे भाग असलेला तपासणीचा ‘सूं’ आवाज) वाजवून त्याची दहा सेकंदांची रेकॉर्डिंग जोडा, इक्वलायझर चालू असताना आणि बंद असताना. सेटिंगची फाइल जोडा. एका पत्रात एकच तक्रार. नवीन सोय मागत असाल तर ती कुठल्या कामात, कुठल्या क्षणी लागते ते सांगा. “अनडू हवं” यापेक्षा “आरती चालू असताना बोट घसरून २ किलोहर्ट्झचा स्लायडर तळाला गेला आणि आधी तो कुठे होता ते आठवेना” हे वाक्य जास्त काम करतं.

देवगड: प्रीसेटला मराठी नाव दिलं की कधी प्रश्नचिन्हं येतात, कधी चौकोन. इंग्रजीच वापरायचं का?

नाही. मराठीतच नाव द्या आणि जे बिघडतं ते नेमकं कळवा, कारण प्रत्येक बिघाडाचं कारण वेगळं आहे. प्रश्नचिन्हं आली तर सॉफ्टवेअर फाइल युटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपी चालणाऱ्या साठवण-पद्धतीत, जपत नाही. अक्षरं साठवतानाच गेलेली असतात, परत येत नाहीत. चौकोन आले तर अक्षरं शाबूत आहेत, त्या पडद्याच्या फॉण्टमध्ये देवनागरी नाही. तिसरा प्रकार असा की अक्षरं दिसतात पण वेलांटी आणि रफार भलतीकडे. म्हणजे अक्षरं जोडून दाखवणारा भाग सॉफ्टवेअरमध्ये नाही. तपासायला ‘हार्मोनियम’ हा शब्द उत्तम, त्यात रफारही आहे आणि पहिली वेलांटीही. तो टाका, पडद्याचा फोटो काढा आणि पाठवा. ही मागणी भाषेच्या प्रेमापुरती नाही. अंधाऱ्या मांडवात ‘पखवाज रात्र’ आणि ‘निवेदन’ हे शब्द एका नजरेत वाचता येतात, ‘प्रीसेट ७’ काय होतं ते शोधावं लागतं.

मुरूड: समुद्रकिनाऱ्यावरच्या कार्यक्रमात टॅबलेटवरून डिजिटल मिक्सर चालवतो. गर्दी जमली की वायफाय तुटतं. परत जोडलं की कधीकधी इक्वलायझर उड्या मारतो.

मिक्सरमधलं वायफाय बऱ्याचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर असतं. हजार लोक खिशात फोन घेऊन आले की तो पट्टा भरून जातो, शिवाय माणसांची शरीरंही ते तरंग अडवतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर केबलने मिक्सरला जोडा आणि माणसांच्या डोक्यांच्या वर बांधा, लोखंडी खांबाच्या आड नको. टॅबलेट एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वायफाय चालू करा. “या नेटवर्कवर इंटरनेट नाही, जोडलेलं राहायचं का” असं तो विचारतो तेव्हा हो म्हणून ते कायम करा. नाहीतर तो आपणहून दुसरं नेटवर्क शोधायला जातो.

उड्या मारतो तो सॉफ्टवेअरचा दोष आहे. पुन्हा जोडल्यावर ऍपने मिक्सरची स्थिती वाचून घ्यायला हवी. इथे ते स्वतःजवळची जुनी स्थिती मिक्सरवर लादतं. भर कार्यक्रमात हे धोक्याचं आहे. हीच एक गोष्ट बनवणाऱ्यांना कळवा, घडलेल्या क्रमासकट. तोवर मिक्सरजवळ एक माणूस बसवा आणि एक लॅपटॉप केबलने जोडून ठेवा.

गुहागर: बॉक्समधून सतत ‘हूं’ येते. ५० हर्ट्झ कापलं तरी जात नाही.

आपल्या विजेचा ५० हर्ट्झ एकटा येत नाही. १००, १५०, २०० असे त्याचे गुणकही येतात. ते सगळे कापले तर पखवाजही जाईल. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. हूं थांबली तर ती अर्थिंगच्या फेऱ्यातून, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहातून, येते. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या आणि लॅपटॉप ते मिक्सर या केबलमध्ये ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर लावा. अर्थिंगची पिन तोडून हूं घालवू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

अलिबाग: इक्वलायझर चालू केला की दर वेळी आवाज चांगलाच वाटतो. खरंच सुधारला की नाही हे कसं ओळखायचं?

कानाला किंचित मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, फरक एका डेसिबलचा असला तरी. म्हणून चालू आणि बंद दोन्हींची पातळी आधी सारखी करा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये बरोबरीच्या पातळीवर बायपास करायची, म्हणजे इक्वलायझर वगळून ऐकायची, सोय नाही, त्यात ती यायलाच हवी. आमच्या यादीत प्रीअँपच्या बटणानंतर हिचा नंबर. तोवर पिंक नॉइज लावून मीटरवर दोन्ही आकडे जुळवा, मग गाणं ऐका. बऱ्याच वेळा अर्धे फिल्टर अनावश्यक होते हे तेव्हाच कळतं.

गणेशोत्सव मंडळ, राजापूर: फोनवरच्या डेसिबल मीटरमध्ये आकडा मर्यादेत दिसतो, तरी शेजारच्या घरांतून तक्रार येते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहेत, आणि ते ‘ए’ मापावर मोजतात. हे माप कानाच्या ढंगाने बेस कमी धरतं: १०० हर्ट्झचा आवाज १९ डेसिबलने कमी मोजला जातो, ६३ चा २६ ने. म्हणजे तुम्ही ६३ चा स्लायडर ६ डेसिबल उचललात तर आकडा जेमतेम हलतो, पण शेजाऱ्याच्या खिडकीची काच थरथरते, कारण बेस भिंतीत अडत नाही. मीटर ‘सी’ मापावर टाकून बघा, ते बेस फारसा कमी धरत नाही. ‘ए’ आणि ‘सी’ मध्ये १५-२० डेसिबलची तफावत दिसली तर तक्रार बेसची आहे. १०० च्या खालचे स्लायडर ६ डेसिबल उतरवा आणि सबवूफर मांडवाच्या लाकडी फळ्यांवरून जमिनीवर घ्या. फोनचं ऍप पारखून घेतलेलं नसतं, तेव्हा त्याच्या आकड्यावर कायद्याचा भरवसा ठेवू नका. आणि रात्री दहानंतर इक्वलायझर नव्हे, भोंगेच बंद. विशेष परवानगीचे दिवस तेवढे वगळून.

वेंगुर्ले: स्लायडर हलवताना खरखर येते. सॉफ्टवेअर खराब की मिक्सर?

लॅपटॉपच्या आतच, इक्वलायझरमधून बाहेर पडणारा आवाज फाइलमध्ये रेकॉर्ड करा आणि स्लायडर हलवा. फाइलमध्ये टकटक आली तर दोष सॉफ्टवेअरचा: ते फिल्टरचे आकडे एका झटक्यात बदलतं. वीस-तीस मिलिसेकंदांत हळूहळू सरकवलं की ही टकटक जाते, तेवढंच त्यांना कळवा. फाइल स्वच्छ निघाली तर पुढे केबल जॅकमध्ये फिरवून बघा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने जॅकवर आणि फेडरच्या पट्टीवर थर चढतो, पावसाळ्यानंतर तर हमखास. वीज बंद करून जॅकवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, जॅक दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, आणि पूर्ण वाळल्यावरच चालू करा. फेडरला मात्र फेडरसाठीचाच स्प्रे वापरा. साध्या क्लीनरने आतलं वंगण धुऊन निघतं आणि फेडर जड होतो. मिक्सर ठेवायच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि रंग बदलला की त्या बदला.